शरणप्पा सरांनी दिलेलं शून्य

सर, कॉलेजच्या फाटकावर त्यांनी तुमचा फ्लेक्स लावला आणि तुमच्या नावाआधी ‘डॉ.’ लिहिलं.

फोटो तुमच्या आधारकार्डावरचा, ताणून मोठा केलेला. त्यामुळे तुम्ही पाण्याखालून आमच्याकडे बघताय असं दिसत होतं. मी संस्थेच्या सेक्रेटरींना गाठलं आणि म्हटलं, “सर डॉक्टर नव्हते.” ते म्हणाले, “असू द्या हो म्याडम, आता कोन तपासायलंय?” पीएच.डी. नाही या एका कारणावरून ज्या माणसाला यांनी बावीस वर्षं गेस्ट लेक्चरर म्हणून लटकत ठेवलं, त्याला मेल्यावर चौथ्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडून पदवी मिळाली. मार्गदर्शक नको, मुलाखत नको, मौखिकी नको. मरा, की झालं.

शोकसभा हॉलमध्ये होती. एकानं तुम्हाला ज्ञानाचा वटवृक्ष म्हटलं. या वटवृक्षाला स्टाफरूममध्ये स्वतःची खुर्ची नव्हती हे त्याला माहीत होतं, कारण ती खुर्ची त्याच्याच बुडाखाली असायची. दुसऱ्यानं तुम्हाला ‘मितभाषी’ म्हटलं. तुम्ही, मितभाषी! बीदरच्या बसस्टँडसमोर ज्यानं तुम्हाला दहा मिनिटं ऐकलंय त्यानं हा शब्द ऐकून खुर्ची सोडली असती. मी सोडली नाही. मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली. माझाही नंबर होता ना बोलायचा.

कॉलेजच्या अंकासाठी त्यांनी माझ्याकडून लेख मागितलाय. पाचशे शब्द, जरा भावपूर्ण. तो मी देऊन टाकला. त्यात तुम्ही मला फार आवडायचात असं लिहिलंय. इथं तसं लिहिणार नाही. इथं तुमच्याशी भांडण आहे, आणि ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

तुम्हाला बसस्टँडसमोरचं रफीकभाईचं झेरॉक्सचं दुकान आठवत असेल, तुम्ही मेला असलात तरी. सीमेच्या या पट्ट्यात ज्याला कुणाला एम.ए. मराठी करून पीएच.डी.ची खाज सुटायची, त्याला अर्ज भरायला, गुणपत्रिकांच्या प्रती काढायला तिथंच यावं लागायचं. आणि रविवारी सकाळी मशीनशेजारच्या स्टुलावर तुम्ही बसलेले असायचात, कुणाला प्रवेश मिळेल याचा अंदाज सांगायला. औरादहून, भालकीहून, हुमनाबादहून पोरं-पोरी यायची. कुणी हात दाखवायला ज्योतिषाकडे जातं, तशी ती तुमच्याकडे यायची. तुम्ही मार्क कधीच विचारले नाहीत. तीनच प्रश्न. बाप काय करतो? घरचे किती वर्षं दम धरतील? अन् गाईड तुला नावानं वळखतो का? मग तुम्ही डोळे बारीक करायचात आणि आकडा सांगायचात.

औरादच्या एका पोराला तुम्ही म्हणालात, “शंभरात चाळीस. मिळंल. पर घरी चांगलं शेत हाय, दोन वर्षांत कंटाळून सोडशील.” भालकीच्या मुलीला विचारलंत लग्न ठरलंय का, ती व्हय म्हणाली, तर म्हणालात, “मग दहा. सासू बरी असली तर बारा.” ती मुलगी लाल झाली. एकाचा मामा विद्यापीठाच्या कुठल्याशा मंडळावर होता. त्याला तुम्ही म्हणालात, “तू कामून विचारायलास? तू घरी झोप की. यादी चालत येती तुझ्याकडं.”

रफीकभाई वैतागायचे. “क्या सर, तुम ऐसा बोले तो फारम कौन भरता?” पण तुम्हाला उठवलं त्यांनी कधी नाही. वरून हवाई दलाचं शिकाऊ विमान गेलं की तुम्ही बोलता बोलता थांबायचात, बोट वर धरून. आवाज विरला की अपमान जिथं सोडलेला तिथून पुढं सुरू. एक शब्द गळायचा नाही.

आणि त्या पोरांच्या पीएच.डी.च्या विषयांवर तुम्ही जे बोलायचात! अमुक यांच्या कादंबऱ्यांतील ग्रामजीवनाचे चित्रण : एक अभ्यास. “एकच अभ्यास? दोन कामून न्हाई केलास?” दुसऱ्याला तुच्छ कसं लेखावं हे मी तुमच्याकडूनच शिकले. वर्गात तुम्ही प्रमाण मराठी बोलायचात, छंद-अलंकार शिकवायचात, तिथं तुम्ही अगदी साधे मास्तर होतात. खरं शिकवणं झेरॉक्सच्या दुकानात चालायचं.

मी निर्णा गावची. आमच्या अप्पांची हुमनाबादला तुरीची अडत. एम.ए. झालं तेव्हा मी तुमच्याकडे आले ती आकडा विचारायला नाही, असं मी स्वतःला सांगत होते. मी विषय सांगायला आले होते. आमच्या भागातल्या बायकांच्या शिव्या. मराठीत सुरू होणाऱ्या, मध्येच कानडीत वळणाऱ्या आणि दखनीत संपणाऱ्या. मी लहानपणापासून वहीत लिहून ठेवत आले होते. आईनं ती वही दोनदा बंबात घालायला काढली होती.

हे ज्याला ज्याला सांगितलं तो हसला होता. तुम्ही हसला नाहीत. तेवढं एक तुमच्या बाजूनं लिहून ठेवते. तुम्ही वही मागितलीत आणि स्टुलावर बसून वाचत राहिलात. रफीकभाईंनी चहा मागवला, तो निवून त्यावर साय धरली. मग वही मिटलीत आणि म्हणालात, “शून्य.”

“शंभरात?” मी विचारलं.

“लाखात.”

मी कारण विचारलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, “विषय चांगला हाय म्हनून. चांगला विषय बगितला की त्या मुलाखतवाल्यांना आपण काय केलंय ते आठवतंय. मग ते हसतेत. हसून झालं की म्हनतेत, बाई, एखादी म्हनून दाखवा की. म्हनून दाखवलीस तर असभ्य. न्हाई दाखवलीस तर अभ्यास कच्चा. अन् वरून तू कर्नाटकाची. इकडच्या विद्यापीठात गेलीस तर म्हनतेत, मराठी करायचं तर महाराष्ट्रात जा. तिकडं गेलीस तर म्हनतेत, तुमच्याकडं न्हाई का विद्यापीठ?”

“मग करू नको म्हणता?”

“मी कुटं तसं म्हनलो? तू आकडा विचारलीस, मी दिलो.”

मी आकडा विचारला नव्हता, सर. पण ते असो.

मी अर्ज केला. प्रवेशपरीक्षा पास झाले. सीमेपलीकडच्या त्या विद्यापीठात मुलाखतीला गेले, जिथं तुम्ही स्वतः तीनदा गेला होतात आणि तीनदा पडला होतात. ती हकीकत सगळ्या बीदरला पाठ होती, कारण तुम्हीच सांगायचात. तुम्ही आणि प्रभाकरराव, एम.ए.ला एका खोलीत राहणारे दोघे, एका स्टोव्हवर भात शिजवणारे. जागा एक होती. ती प्रभाकररावांना मिळाली. “गाईडच्या पोरीच्या लग्नात पभ्या पंगतीत वाढत होता. मी न्हाई वाढलो. मी जेवलो अन् आलो.” पुढं ते तिथंच प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले. तुम्ही कमठाण्याहून रोज बीदरला ये-जा करत राहिलात आणि त्यांच्यावर बोलत राहिलात.

मुलाखतीला पाच जण होते. टेबलावर काजूची ताटली. एकानं माझा अर्ज हातात धरून दुसऱ्याला दाखवला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. “कर्नाटकातून? मराठीसाठी? तुमच्याकडे नाही का विद्यापीठ?” सर, मला हसू आलं. शब्द न शब्द तुमचा होता. मग ते विषयावर आले आणि हसले. कडेला बसलेले, पांढरा सदरा, सोन्याच्या काड्यांचा चष्मा, ते प्रभाकरराव आहेत हे मी फोटोवरून ओळखलं. ते म्हणाले, “नुसतं वर्णन कशाला? बाई, एखादी म्हणून दाखवा ना. नमुन्यादाखल.”

मी घरून ठरवून गेले होते की म्हणायची नाही. पण त्यांनी ‘नमुन्यादाखल’ म्हटलं आणि काजू उचलला. मी आमच्या निर्ण्याच्या काशीअक्कानं रस्त्याच्या मोजणीला आलेल्या साहेबाला घातलेली म्हटली. “बसल्या जागी भुई गिळंल रे तुला, अन् वर ढेकर बी देणार न्हाई.” एकेकाच्या तोंडाकडे बघून म्हटली, पाचही जणांना पुरवून.

बाहेर आल्यावर मला फार हलकं वाटलं. उदगीरपर्यंतच्या बसमध्ये मी एकटीच हसत होते. उदगीरच्या पुढं रडायला लागले.

यादीत नाव नव्हतं. मी रविवारी दुकानात आले. तुम्ही विचारलंत, “किती जण हसले?”

“चार.”

“अन् पाचवा?”

“काजू खात होता.”

“पभ्या?”

“त्यांनीच तर म्हणायला लावली.”

विमान गेलं. तुम्ही या वेळी बोट वर धरलं नाहीत. आवाज थांबल्यावर म्हणालात, “मी शून्य म्हनलो होतो.”

बस, एवढंच. तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी, आयुष्यातला पहिला मोठा मार खाऊन समोर उभी आहे, आणि तुम्हाला आपला अंदाज बरोबर आल्याचं पडलं होतं. तेव्हा मी बोलले ते सगळ्या दुकानानं ऐकलं. मी म्हटलं, “तुम्ही सोता डॉक्टर झाला न्हाईत, म्हनून दुसऱ्याला होऊ देत न्हाईत. हितं बसून पोरांच्या आशेवर पानी ओतता. ज्योतिषी तरी नारळ घेऊन बरं बोलतो.”

रफीकभाईंनी कोरे कागद घालून मशीन सुरू केलं, उगाच, आवाज व्हावा म्हणून.

तुम्ही म्हणालात, “व्हय. मी झालो न्हाई म्हनूनच मला म्हाईत हाय.”

“तुमचं तोंड बघायचं न्हाई मला,” मी म्हटलं आणि निघाले. तुम्ही हाक मारली नाहीत. मी बसस्टँडवर पाऊण तास उभी होते, हुमनाबादच्या दोन गाड्या सोडल्या, हे तुम्हाला माहीत नाही. आता सांगते. हाक मारली असतीत तर मी आले असते.

वर्षभर मी तुमच्याकडे फिरकले नाही. एका शाळेत तासिकेवर शिकवलं. अप्पांच्या अडतीवर बसून पावत्या लिहिल्या. अप्पा कधीमधी विचारायचे, “तुझे ते सर काय म्हनायलेत?” मी म्हणायचे, मेले. तेव्हा हा शब्द सहज यायचा.

पुढच्या वर्षी जाहिरात आली तेव्हा मी हुमनाबादच्याच दुकानातून अर्ज भरला. कुणाला सांगितलं नाही. अप्पांनी कुणाकुणाला सांगितलं, ते वेगळं. मुलाखतीला तेच पाच जण. पण या वेळी चार जण गप्प होते आणि प्रभाकरराव एकटेच विचारत होते. अर्धा तास. वाक्यरचना कुठं तुटते? कानडी क्रियापद मराठी प्रत्यय का घेतं? सासूला घालायची शिवी आणि सवतीला घालायची, यात नातं बदलतं की व्याकरण? मी उत्तरं देत होते, आणि मला सारखं वाटत होतं की हा माणूस माझ्याशी नाही, खोलीत नसलेल्या कुणाशी तरी भांडतोय. मध्येच ते म्हणाले, “हा विषय आमच्या विभागाला झेपणार नाही असं कुणी समजू नये.” मी म्हटलं, मी समजत नाही. ते म्हणाले, “तुम्हाला नाही म्हणत.”

यादीत नाव आलं. मार्गदर्शक : प्रभाकरराव.

मी पेढे घेऊन आले ते तोंड गोड करायला नव्हे. तुमच्या तोंडावर मारायला. आख्खं दुकान भरलेलं होतं. मी पहिला पेढा तुमच्यासमोर धरला आणि म्हटलं, “शून्य म्हनलाव न्हवं?” वशिला नाही, मामा नाही, पंगतीत वाढलं नाही, आणि मिळालं. तुमचं सगळं गणित मी खोटं पाडलं होतं. आयुष्यात इतकी खूश मी आधी नव्हते, नंतरही झाले नाही.

तुम्ही पेढा खाल्लात, बोटं पुसलीत आणि म्हणालात, “पभ्याकडं? मग मिळालं म्हनू नगं. पडलीस म्हन.”

एवढा कोता माणूस मी पाहिला नव्हता, सर. मी त्या दिवशी घरी जाऊन तसंच वहीत लिहिलं. कोता. मग खोडून ‘जळका’ लिहिलं.

तरी मी येत राहिले. का, ते विचारू नका. प्रकरणं प्रभाकररावांना द्यायच्या आधी मी तुम्हाला वाचायला द्यायचे. प्रभाकरराव पानांच्या कडेला ‘छान’ लिहायचे. तुम्ही पान उलटं करून मागं लिहायचात, कारण पुढं जागा पुरायची नाही. तिसऱ्या प्रकरणात मी शिव्यांचे तक्ते केले होते. अवयव, रोग, मरण, नातं, जनावर. तुम्ही ते बाड माझ्याकडे ढकललंत. “हे काय करायलीस? किराणा मांडायलीस का? शिवी दिल्यावर जी बाई घरी जाऊन चुलीपुढं रडती, तिला कोन्त्या रकान्यात घालशील?”

“ती रडते याला पुरावा काय?” मी म्हटलं.

“तू इचारलीस का कुनाला?”

मी विचारलं नव्हतं. पण हे मी मान्य करणार होते का? मी म्हटलं की संशोधनाला शिस्त लागते, आणि ज्यांनी संशोधन केलं नाही त्यांना ती कळत नाही. तुम्ही रफीकभाईंना चहा सांगितलात. मी जिंकले असं मला वाटलं. त्या आठवड्यात मी निर्ण्याला काशीअक्काकडे गेले आणि विचारलं. ती म्हणाली, “रडत न्हाई तर काय हसतंय व्हय? तोंडच हाय की नुसतं आपल्याकडं, दुसरं काय हाय?” मी ते प्रकरण सगळं नव्यानं लिहिलं. तक्ते परिशिष्टात टाकले. तुम्हाला दाखवलं नाही. म्हटलं, प्रबंध छापून झाला की एकदमच आणून आदळू. तुम्ही बरोबर होतात एवढं सांगायला मी दीड वर्ष लावलं, आणि तुम्ही दीड वर्ष थांबला नाहीत. छातीत कळ आली म्हणून दवाखान्यात गेलात आणि परत आला नाहीत. एवढी घाई तुम्ही आयुष्यात दुसऱ्या कशाची केली नाहीत.

आता खरी गोष्ट. ही तुमच्यानंतरची.

शोकसभेला प्रभाकरराव आले होते. गाडी बाहेर लावून शेवटच्या रांगेत बसले. सेक्रेटरी धावत गेले, मंचावर चला म्हणाले, दोन शब्द बोला म्हणाले. ते उठले नाहीत. मला वाटलं, यांना इथंही मोठेपणा हवाय. आठ दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी प्रबंधाच्या सह्यांसाठीचे कागद घेऊन गेले. त्यांनी ते बाजूला ठेवले, कपाट उघडलं आणि एक पोस्टकार्ड माझ्यापुढं ठेवलं.

तुमचं अक्षर. मी दाराशी उभी असते तरी ओळखलं असतं.

“पभ्या, निर्ण्याच्या बिरादारांची सुनंदा पुन्हा तुमच्याकडे अर्ज करते आहे असे तिच्या वडिलांकडून कळले. तिचा विषय तुला झेपणार नाही. तू आजवर चित्रणाच्या पलीकडे गेलेला नाहीस आणि तुझ्या विभागात कानडीचे एक अक्षर कुणाला येत नाही. तेव्हा तिला घेऊ नकोस. पोरीचे नुकसान होईल. गेल्या वर्षी तुम्ही लोक हसलात ते एका अर्थी बरे केलेत. यंदाही हसा. शरण.”

बंद पाकीट नाही. पोस्टकार्ड. म्हणजे आवक विभागातल्या कारकुनानं वाचलं, शिपायानं वाचलं, चार सहकाऱ्यांनी वाचलं, आणि मग ते विभागप्रमुखांच्या टेबलावर आलं.

प्रभाकरराव म्हणाले, “त्या कार्डामुळे तुला घेतलं. आता खोटं कशाला बोलू? सगळा विभाग माझ्याकडे बघत होता. मी त्या उन्हाळ्यात तीन महिने कानडीची बाराखडी गिरवली. या वयात.”

मला काय वाटलं ते सांगू? मला तुमचा गळा धरावासा वाटला. माझ्या जन्मातला एकच विजय होता तो, सर. कुणाच्या कुबडीशिवाय मिळवलेला. आणि तो तुम्ही आठ ओळींत, एका पोस्टकार्डावर, माझ्या पाठीमागे नेलात. वर पेढा खाल्लात. पेढा खाताना चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मी प्रभाकररावांना विचारलं, “त्यांनी हे मला मिळावं म्हणून लिहिलं, की मिळू नये म्हणून?”

ते म्हणाले, “तेच तुला विचारायला बोलावलं.”

आम्ही दोघं त्या कार्डाकडे बघत बसलो. तुम्ही त्यांना खोलीवर राहून ओळखत होतात. त्यांना ‘नको’ म्हटलं की ते करणार, हे तुम्हाला ठाऊक असणार. स्टोव्हवरच्या भातात मीठ नको म्हटलं तर हा माणूस मूठभर घालायचा, असं तुम्हीच सांगायचात. म्हणजे तुम्ही डाव टाकला. पण मग वाटतं, नाही. तुम्हाला खरोखरच वाटत होतं की हा विषय त्यांच्या हाती पडला की नासणार. मी पुढची चार वर्षं तिथं जाऊन ‘छान’ वाचत बसणार. तुम्ही मनापासून मोडता घालत होतात. माझ्याशी एक शब्द न बोलता, मला न विचारता, एखाद्या बापासारखे. दोन्हीही तुम्हाला शोभतं. दोन्हीचा मला राग येतो. आणि मी वर्षभर तुम्हाला मेलेले म्हणत होते तेव्हा तुम्ही अप्पांकडे माझी चौकशी करत होतात, याचा तर सगळ्यात जास्त. अप्पाही काही बोलले नाहीत. तुम्ही सगळेच एका माळेचे मणी.

तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं नसतंत हेही मला माहीत आहे. म्हणाला असतात, “मिळालं न्हवं? मग पुढं बग.”

थँक यू वगैरे मी म्हणणार नाही. म्हणायचं असतं तर तुम्ही जिवंत असताना म्हणायची सोय ठेवायची होतीत.

मी उठले. कागदांवर सह्या द्या म्हटलं. प्रभाकररावांनी पेनचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं. मग म्हणाले, “एक विचारू? शरण माझ्याबद्दल काय काय म्हणायचा?”

मी म्हटलं, विशेष काही नाही.

“सुनंदा, मी बावीस वर्षं इकडून तिकडून ऐकत आलोय. लोक अर्धवट सांगतात. घाबरतात. तू सगळं ऐकलंयस.” त्यांनी उठून शिपायाला सांगितलं, कुणाला आत सोडू नको. दार लावलं आणि येऊन बसले. परीक्षेला बसल्यासारखे.

मी सौम्य निवडून सुरुवात केली. “ते म्हणायचे, पभ्याच्या व्याख्यानाला माईक लागत न्हाई, उशी लागती.”

ते हसले. अगदी थोडं. “पुढं?”

“पभ्या प्रस्तावना लिहितो म्हंजे लग्नात पाकीट देतो. आत काय हाय, कुनाचं लगीन हाय, त्याला कायबी म्हाईत नसतंय.”

“हे खरं आहे,” ते म्हणाले. “पुढं.”

“पभ्यानं जेवढे डॉक्टर केल्यात तेवढे बीदरच्या दवाखान्यात पेशंट न्हाईत. अन् बरं एक बी झालं न्हाई.”

आता ते मोठ्यानं हसले, चष्मा काढला. मग मी थांबले नाही. तुमच्या आवाजात, तुमच्यासारखे डोळे बारीक करून, जे जे आठवलं ते सांगत गेले. त्यांच्या सदऱ्यावरचे, त्यांच्या संदर्भसूचीवरचे, त्यांनी स्वतःच्याच पुस्तकाला दिलेल्या तळटिपांवरचे टोमणे. ते रुमाल डोळ्यांना लावून हसत होते, मध्ये ठसका लागला, पाणी प्यायले आणि हातानंच खूण केली, चालू दे. विभागप्रमुखाच्या केबिनमध्ये बसून मी विभागप्रमुखाला पाऊण तास शिव्या देत होते आणि तो आणखी मागत होता. कुठल्या तरी ठिकाणी त्यांचं हसणं संपलं आणि रुमाल मात्र तिथंच राहिला. माझ्या लक्षात उशिरा आलं.

“अजून?” ते म्हणाले.

मी आठवत बसले. आठवेना. इतके रविवार मी त्या दुकानात उभी होते, आणि निम्मं मी ऐकलंच नव्हतं. तोंड वाकडं करून दुसरीकडे बघत उभी होते.

ते वाट बघत होते. मला त्यांना रिकाम्या हाती ठेवणं जमेना. मग मी एक शिवी मनानंच रचली. चांगली होती, सर. तुमच्या मापाची होती. सुरुवात बेतशीर, मध्ये एक झोल, शेवट बुडाखाली सुरुंग. तुमच्याच आवाजात म्हटली.

प्रभाकररावांनी रुमाल खाली घेतला. 

“ही शरणची नाही,” ते म्हणाले.

नव्हतीच.